पिकअपचा पुढचा ब्रेक वाजतोय? पॅड आणायला पळण्याआधी हे बघा

टोमॅटोचा सीझन लागला की पिंपळगाव बसवंतच्या मार्केटबाहेर पिकअपची रांग लागते. रांग मुंगीच्या पावलानं सरकते, दर दहा फुटांवर ब्रेक, आणि दोन-चार गाड्या तरी अशा किंचाळतात की शेजारचा झोपलेला ड्रायव्हर उठून बसावा. मी माझ्या केबिनमध्ये कान लावून बसतो. ह्याचे पॅड संपले. ह्याची पिन जाम आहे. त्या पलीकडच्याच्या डिस्कमागं खडा अडकलाय. बायको एकदा बरोबर होती, म्हणाली, लोक गाणी ऐकतात, तुम्ही ब्रेक ऐकता.

मी निफाड तालुक्यातला. दहावीनंतर दोन वर्षं नाशिकला द्वारकेजवळच्या एका गॅरेजात हेल्पर होतो. हेल्पर म्हणजे पाने धुवायचे, चहा आणायचा आणि उस्ताद गाडीखाली झोपले की बॅटरी धरायची. बॅटरी धरता धरता बरंच शिकलो. मग दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर, आणि आता अकरा वर्षं स्वतःची पिकअप. पुढं डिस्क, मागं ड्रम, दीड टनाची. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. ब्रेक दाबला की कॅलिपर नावाचा चिमटा, जो दोन पिनांवर सरकतो, आपल्या पिस्टननं दोन्ही बाजूंचे पॅड तिच्यावर दाबतो. ड्रम म्हणजे फिरणारा डबा, त्याला आतून लायनर दाबतात. जे लिहितोय ते ह्याच गाडीनं शिकवलंय, आणि फुकट शिकवलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी ऑगस्टात पुढून ‘चींऽऽ’ सुरू झालं. रस्त्यावरच्या एका गॅरेजात गेलो, पॅड बदलले, पाऊण तासात मोकळा. आठ दिवसांनी परत चीं. पुन्हा तिथंच. डुप्लिकेट लागले असतील म्हणे, भारीतले टाकू. टाकले. पंधरा दिवस बरे गेले, मग आवाज तर आलाच, वर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. आता डिस्क घासून घ्या. सातपूरच्या एका लेथवर डिस्क टर्न करून आणल्या. एका सीझनमध्ये तीनदा चाक उघडलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी बघितलं. मीही त्यातलाच, शिकलेला असून उभा राहून तंबाखू मळत होतो.

मग एका रात्री वाशीचं भाडं लागलं. सत्तर जाळ्या, जाळीचं वजन धरून दीड टन. कसारा घाट उतरताना केबिनमध्ये जळका वास यायला लागला. खाली आल्यावर गाडी सपाटीला कडेला घेतली, चाकाखाली दगड लावले आणि एकेका चाकाजवळ हात नेला. हाताची मागची बाजू, लांबून. असं बघताना तळहात कधी टेकवू नका. पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेववेना. पुढचं उजवं तापलेलं, पण त्या मानानं शांत. मागच्या ड्रमजवळ नेला तर काहीच लागेना, मग टेकवलाच. माठासारखे गार. दीड टन माल घेऊन अख्खा घाट उतरलेली गाडी, आणि मागच्या दोन ब्रेकांनी हातही लावला नव्हता. पुढचे दोघं चौघांचं काम करत होते, त्यातला डावा तर सुटतच नव्हता. तो ओरडणार नाही तर काय करणार?

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय. आधी ऐकायचं, मग चारही चाकांची गरमी बघायची, मग चाक खोलायचं, आणि पाकीट सगळ्यात शेवटी.

ऐकायचं कसं ते सांगतो. गाडी रिकामी घ्या, काचा खाली, रेडिओ बंद. एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीला लागून वीस-तीसच्या स्पीडनं चालवा. भिंतीवर आपटून आवाज परत येतो आणि मोकळ्या रस्त्यावर न कळणारी गोष्ट लगेच कळते. जाताना एक बाजू, येताना दुसरी. मग हलका ब्रेक, जोराचा ब्रेक, ब्रेक न लावता, वळताना, रिव्हर्समध्ये. आवाज कधी येतो ह्यापेक्षा कधी थांबतो, त्याच्याकडं जास्त लक्ष द्या.

डिसेंबरात आमच्या निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो. रात्रभर गाडी दवात उभी असली की डिस्कवर गंजाचा तांबूस थर धरतो आणि सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला खरखर येते. वॉशिंगहून आणल्यावरही तसंच. चार ब्रेकनंतर गेला तो आवाज रोग नव्हे. त्याला काही करू नका.

चालत्या गाडीत बारीक, सुईसारखी चीं आणि ब्रेक दाबला की ती बदलते किंवा थांबते, तर बहुतेक पॅडची पत्री बोलतेय. बऱ्याच पॅडना एक छोटी वाकडी लोखंडी पत्री असते. मसाला, म्हणजे पॅडचा डिस्कवर घासणारा थर, झिजून साधारण 3 मिलिमीटरच्या आसपास आला की ती डिस्कला टेकते आणि ओरडते. ओरडायलाच ठेवलेली आहे ती. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा, एवढाच मसाला उरलेला असतो. घाट असलेलं भाडं घेऊ नका, दोन-चार दिवसांत पॅड बदला. ही पत्री घासून गेली की पुढचा आवाज ‘खर्र’ असतो आणि तो म्हणजे लोखंडावर लोखंड. तिथं मात्र ‘एवढी खेप टाकून येतो’ म्हणू नका. एका संध्याकाळीत डिस्कला अशा खाचा पडतात की लेथवालाही हात जोडतो. शिवाय पॅड फार झिजला की पिस्टन गरजेपेक्षा जास्त बाहेर येतो, तिथून ऑइल गळालं तर ब्रेकच गेला.

पॅड चांगले जाड आहेत, तरी हळू चालताना हलक्या ब्रेकला मोठ्यानं चीं होते, जोरात दाबला की गप्प. सगळ्यात जास्त डोकं खाणारा आवाज हाच, आणि सगळ्यात जास्त पॅड ह्याच्यापायी विनाकारण बदलले जातात. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तसा पॅड डिस्कवर अडकत-सुटत थरथरतो, आणि ती थरथर आपल्याला ऐकू येते. पॅड बसतो त्या जागा कोरड्या-गंजलेल्या असतील, मागची पातळ पत्र्याची शिम किंवा पॅड धरणारी क्लिप कुणी फेकून दिली असेल, किंवा पॅडचं तोंड जास्त तापून काचेसारखं चकचकीत झालं असेल, तर तो गातो. नवा पॅड त्याच कोरड्या जागेत बसवला की आठ दिवसांनी तोही गातो. माझं हेच झालं होतं.

खड्ड्यांतून जाताना पुढून खडखड येत असेल तर एक सोपी परीक्षा आहे. खडखड चालू असताना डाव्या पायानं नव्हे, उजव्यानंच, ब्रेकला नुसता स्पर्श करा, गाडी थांबेल इतका नाही. आवाज तिथल्या तिथं बंद झाला तर पॅड सैल आहेत, क्लिपा गेल्यात. चालूच राहिला तर तो सस्पेन्शनचा कुठला तरी बुश आहे, ब्रेकला दोष देऊ नका.

ब्रेकशी काही संबंध नाही, चाकाच्या फेऱ्यागणिक ‘सर्र... सर्र...’ होतंय, तर डिस्कमागच्या पत्र्यात खडा आहे किंवा तो पत्रा वाकलाय. बागेच्या बांधावरून, मुरमाच्या रस्त्यावरून गेलात का आठवा. रिव्हर्स घ्या, पुष्कळदा खडा आपोआप पडतो. नाही पडला तर चाक काढून मोठ्या स्क्रू ड्रायव्हरनं पत्रा अर्धा बोट मागं दाबा. ह्या कामाचे कुणी पाचशे रुपये मागितले तर देऊ नका.

घूं घूं आवाज, स्पीडबरोबर वाढणारा, आणि डावीकडं वळताना मोठा होणारा, हे उजव्या चाकाचं बेअरिंग असतं. उजवीकडं वळताना वाढला तर डाव्याचं. पुढं-मागं करताना एकदाच ‘खट्ट’ होतं तेव्हा पॅड आपल्या खाचेत सरकतोय. हलकं असेल तर चालतं, जोरात असेल तर कॅलिपरचे बोल्ट आधी तपासा, आजच्या आज.

आता गरमी. दहा-पंधरा किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवून या आणि शेवटचा अर्धा किलोमीटर ब्रेक न लावता गाडी आपोआप हळू होऊ द्या. मग चारही चाकांजवळ हात. पुढचं एक दुसऱ्यापेक्षा फार गरम, तर ते चाक धरतंय. दोन्ही पुढची कडक आणि मागची गार, तर माझ्यासारखी गोष्ट आहे. बाजारात लाल दिव्याचं तापमान बघायचं यंत्र मिळतं, ते असेल तर उत्तम, नसेल तर हात पुरतो.

चाक खोलायचं तर जागा सपाट आणि टणक हवी. शेतातल्या काळ्या मातीत जॅक लावू नका, ती माती पायाखालून कधी सरकेल कळत नाही. हँडब्रेक, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल, मग जॅक, आणि जॅकच्या भरवशावर कधीही नाही, घोडी, म्हणजे गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड, लावायचीच. आमच्याकडं वीट-फरशी रचतात. वीट उभी फुटते. घोडी एकदा घेतली की जन्माला पुरते.

चाक निघालं की ब्रेकवरची काळी धूळ फुंकू नका आणि हवाही मारू नका. जुन्या नाहीतर हलक्या पॅडमध्ये काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही, ॲस्बेस्टॉसही असू शकतं, आणि ते छातीत गेलं की निघत नाही. साबणाचं पाणी फवाऱ्यानं मारा, ओल्या फडक्यानं पुसा. डिझेल-पेट्रोलनं ब्रेक धुवायची आपल्या गॅरेजांत पद्धत आहे, ती सोडा. रबर फुगतं आणि पॅड डिझेल पितो. ब्रेक क्लीनरचा स्प्रे मिळतो, तो वापरा.

कॅलिपर उचलायच्या आधी त्या चाकाची आणखी एक परीक्षा घ्या. हातानं फिरवा. जड फिरत असेल तर एअर काढायच्या निपलवर पारदर्शक नळी लावून निपल जरासं उघडा. दाबानं ऑइलची चिळकांडी आली आणि चाक मोकळं झालं तर ऑइल मागं परतत नाहीये. ऑइल आणणारी रबरी होज आतून सुजली असेल. बाहेरून ती नव्यासारखी दिसते. निपल उघडूनही चाक जडच राहिलं तर पिस्टन किंवा पिन जाम.

मग कॅलिपर सोडवा आणि तारेच्या आकड्यानं स्प्रिंगला नाहीतर चेसिसला टांगा. होजवर लोंबकळू देऊ नका. आता दोन्ही पॅड बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवा, आतला आणि बाहेरचा. रोगाचा सगळा कागद इथंच लिहिलेला असतो, आणि मेस्तरी घाईत हेच पॅड आधी भंगारात फेकतात. दोन्ही सारखे झिजलेत तर कॅलिपर सरळ चालतोय. आतला खूप पातळ आणि बाहेरचा जाड, तर कॅलिपर पिनांवर सरकत नाही किंवा पिस्टन परतत नाही. एकच पॅड एका टोकाला पातळ, पाचरीसारखा, तर एक पिन चालतेय आणि एक अडकलीये.

माझा डावा आतला पॅड पाचर झाला होता. खालची पिन हातानं निघेना. व्हाइस ग्रिपनं धरून पिळत पिळत काढली तेव्हा तोंडाशी गुळाच्या काकवीसारखं काहीतरी चिकट तपकिरी आलं. वास घेतला, चेसिसचं ग्रीस. कुणीतरी ते भरलं होतं, त्यानं पिनेवरचा रबरी बुट फुगून पाव झाला होता, फुगलेला बुट फाटला, फाटलेल्यातून इगतपुरीचा पाऊस आणि निफाडची काळी माती आत गेली, आणि आत तिचं कुंभारकाम झालं. पिनेवर बोट फिरवलं तर मध्यावर गंजाचे चट्टे नखाला लागत होते. इतक्यासाठी तीन जोड पॅड गेले.

पिन गुळगुळीत असेल तर बारीक पॉलिश पेपर मारून पुसून घ्या. चट्टे नखाला लागत असतील तर बदला, बुटासकट किट मिळतो आणि तो पॅडच्या मानानं स्वस्त असतो. वरची आणि खालची पिन वेगळी असू शकते, एकीला रबराची बाही असते. काढताना खूण करा, अदलाबदल करू नका. ग्रीस फक्त ब्रेकचं, सिलिकॉनचं किंवा सिंथेटिक. दुकानदार ‘हेच सगळे नेतात’ म्हणून साधं ग्रीस पुढं करील. नको म्हणा. लावायचंही नखभर. जास्त भरलं तर आत हवा कोंडते आणि पिन मागं ढकलली जाते.

पिस्टन आत दाबायला सी-क्लॅम्प घ्या आणि मध्ये जुना पॅड ठेवा. त्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघा. पिस्टन आत गेला की डबीतलं ऑइल वर येतं, आणि ते रंगावर सांडलं की रंग सोलतो. पिस्टन सावकाश पण एकसारखा आत जायला हवा. अडखळत गेला, किंवा त्याच्या बुटाखाली ओल दिसली, तर पिस्टनच्या रबरांचा किट टाकायची वेळ आली. तो उद्योग घरी अंगणात करू नका, स्वच्छ हातांचा मेस्तरी बघा.

डिस्ककडं वळू. तिच्यावर नाहीतर हबवर, म्हणजे ती ज्यावर बसते त्या भागावर, कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, गंज पुसला की दिसतो. मायक्रोमीटरनं सहा-आठ ठिकाणी मोजा. साध्या व्हर्नियरनं काठाची उंच कड मोजली जाते आणि डिस्क जाड असल्याचं खोटं समाधान मिळतं. टर्निंगनंतर त्या आकड्याखाली जाणार असेल तर टर्निंगचे पैसे वाया, नवीच घ्या, आणि जोडीनं घ्या. स्टिअरिंग थरथरतं तेव्हा सगळे ‘डिस्क वाकली’ म्हणतात. खरी वाकलेली कमीच सापडते. बहुतेक वेळा जाडी जागोजागी कमी-जास्त झालेली असते, किंवा घाट उतरून टोलच्या रांगेत पाय दाबून उभं राहिलो की तापलेल्या पॅडचा मसाला डिस्कवर एका जागी शिक्क्यासारखा उमटतो. आणि तिसरं, जे माझं होतं: डिस्क हबवर बसते तिथला गंज कुणी खरवडलाच नव्हता. लेथवाल्यानं आरशासारखी करून दिलेली डिस्क गंजाच्या पापुद्र्यावर बसवली होती. डगडग मोजायचं डायल गेज लावलं तर काटा केवढा नाचला. बऱ्याच गाड्यांना मिलिमीटरच्या दहाव्या भागापलीकडचा डगडगाट चालत नाही. हबचं तोंड तारेच्या ब्रशनं उजळेपर्यंत घासलं, तीच डिस्क बसवली, थरथर गेली.

घाट उतरल्यावर तापलेल्या चाकांवर पाण्याचा डबा ओतणारे भेटतात. त्यांना हात जोडून सांगतो, करू नका रे बाबांनो. लाल तव्यावर पाणी मारल्यावर तव्याचं काय होतं?

जोडताना पॅडचे कान ज्या खाचेत बसतात ती खाच कानसेनं नव्हे, तारेच्या ब्रशनं साफ करा. क्लिपा नव्या. खाचेत, पॅडच्या पाठीवर जिथं पिस्टन टेकतो तिथं, आणि कॅलिपरच्या बाहेरच्या बोटांवर ब्रेकच्या ग्रीसचा पातळ हात. पॅडच्या तोंडावर आणि डिस्कवर ग्रीसचा ठिपकाही नको, नव्या डिस्कला कंपनी तेल लावून पाठवते, तेही पुसून काढा. आवाज करणारी पत्री साधारण आतल्या पॅडला येते. तुमच्या जुन्या पॅडला जिथं होती तिथंच नव्याची आणा. पॅड हातानं दाबला की खाचेत सरकला पाहिजे. हातोडी लागत असेल तर तो तिथं अडकून बसणार आणि परत गाणार. बोल्ट किती आवळायचे ते गाडीच्या पुस्तकात आहे, ठरलेल्या जोरानं आवळणारा टॉर्क पाना नसेल तर एखाद्या गॅरेजवाल्याकडून तेवढ्यापुरता मागून आणा.

आणि मग, चाक बसलं, जॅक उतरला, गाडी चालू करायच्या आधी, ब्रेकचं पेडल दाबा. दाबत राहा, कडक लागेपर्यंत. पिस्टन आपण आत ढकललाय, पहिले दोन-तीन पाय हवेत जातात. माझ्या पुतण्यानं मागच्या वर्षी पॅड एकट्यानं बदलले, सगळं व्यवस्थित, आणि खुशीत गाडी चालू करून अंगणातून बाहेर काढली. पाय सरळ फळीला टेकला. गाडी द्राक्षबागेच्या कडेच्या लोखंडी अँगलवर थांबली. बंपर गेला, दोन तारा तुटल्या. पोरगा वाचला आणि माझे चुलते आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

ब्रेक ऑइल डबीत किती आहे ते सगळे बघतात, किती जुनं आहे ते कुणी बघत नाही. ते हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट 3 प्रकारचं ऑइल कमीत कमी 205 अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट 4 230 पर्यंत. पाणी प्यायलेलं असेल तर हीच हद्द 140 आणि 155 वर येते. घाटात उकळलं की नळीत वाफ होते आणि पाय खाली जातो. दोन वर्षांनी बदलायचंच. डबीच्या झाकणावर कुठलं लिहिलंय ते बघून.

आता मागं चला, कारण माझ्या मते पुढच्या ब्रेकची अर्धी दुरुस्ती मागं असते. रिकाम्या गाडीत बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात हे खरं, पण पिकअपवर माल चढला की मागच्यांनी आपला वाटा उचललाच पाहिजे. ड्रम काढा. लायनरची जाडी बघा, लायनर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या बुटाचं तोंड हळूच उचलून आत ओल आहे का बघा, ॲक्सलच्या सीलमधून गिअरचं तेल लायनरवर आलंय का बघा. मग लायनर ड्रमच्या जवळ ठेवणारा ॲडजस्टर. दातेरी चक्री असते, काही गाड्यांत ती आपोआप पुढं सरकायला हवी, पण चिखल आणि लायनरच्या धुळीनं जाम होते. माझी दोन्ही बाजूंची जाम होती. लायनर आणि ड्रममध्ये एवढी फट पडली होती की पाय अर्धा खाली जाईपर्यंत मागं काही पोचतच नव्हतं. चक्री सोडवून, साफ करून, ड्रम चढवून इतकी फिरवा की चाक हातानं फिरवताना लायनर घासल्याचा हलका आवाज येईल, मग दोन-तीन दाते मागं घ्या. हँडब्रेकची तार ह्यानंतर. आधी तार ओढून ठेवली की हँडब्रेक कडक लागतो आणि सगळं ठीक असल्यासारखं वाटतं.

एवढं करूनही माझे ड्रम पुढच्यांच्या मानानं गारच राहिले. तेव्हा जुन्या उस्तादांकडं गेलो. आता हातानं काम करत नाहीत, खुर्ची टाकून बसतात. त्यांनी गाडीखाली वाकूनही बघितलं नाही. मागं उभं राहून म्हणाले, “पाटे किती वाढवलेस?”

दोन. कांद्याच्या वेळी माल जास्त भरता यावा म्हणून दोन्हीकडं मागच्या स्प्रिंगला एकेक जास्तीचा पाटा टाकला होता. आपल्याकडं निम्मे लोक टाकतात. तर बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलवर एक व्हॉल्व्ह असतो, त्याची कांडी बॉडी आणि ॲक्सलच्या मधलं अंतर मोजते. माल भरला, बॉडी खाली बसली की व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. रिकामी असली की कमी, म्हणजे मागची चाकं जाम होऊन गाडी फिरू नये. पाटे वाढवले की दीड टन भरूनही बॉडी बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. मागचा ब्रेक अर्धपोटी, पुढचा मरेपर्यंत काम करतो, आणि आपण पुढचे पॅड बदलत बसतो. पाटे काढले. त्या कांडीला मात्र अंदाजानं पिळू नका, दाब मोजायचं गेज लागतं, ते कंपनीच्या सर्व्हिसला करून घ्या.

पाटे काढल्यावर जाळ्या कमी भरतात, खेपेला पैसे कमी सुटतात. हे मी लपवत नाही. तीन जोड पॅड, एक टर्निंग आणि त्या रात्रीचा तो वास, ह्याचा हिशेब मांडला आणि गप्प बसलो.

नवे पॅड लगेच मालावर घालू नका. रिकाम्या रस्त्यावर रिकामी गाडी साठवर न्यायची, मध्यम ब्रेकनं दहा-पंधरावर आणायची, पूर्ण थांबवायची नाही, परत साठ. आठ-दहा वेळा, मध्ये अर्धा-पाऊण किलोमीटरचं अंतर ठेवून. मग पाय न लावता पाच-सात किलोमीटर फिरवून थंड होऊ द्या. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर घाटाचं भाडं टाळा. टाळता येत नसेल तर ज्या गिअरनं चढता त्याच गिअरनं उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्याला पुढच्या ब्रेकची तक्रार करायचा हक्क नाही.

चाकाचे नट आडवे-उभे आळीपाळीनं आवळा आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत एकदा. मी पिंपळगावहून निघालो की घोटीला चहाला थांबतो, अंतर बरोबर तेवढंच भरतं. पाना सीटखाली असतो. चहा येईपर्यंत नट बघायचे आणि चारही चाकांजवळून हात फिरवून यायचं. टपरीवाला आता विचारत नाही काय करताय म्हणून, नुसतं विचारतो, मागचे गरम आहेत ना?